चवथ आली की गुडघा धरतो: वाटीखालच्या कंडरेचे दुखणे पुन्हा का येते आणि घरी काय करायचे

सलग तीन वर्षे माझा डावा गुडघा एकाच सुमाराला धरला. श्रावण संपत आलेला, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी आठ-दहा दिवसांवर, फुगडीचा सराव रंगात आलेला, आणि वाटीच्या खालच्या टोकाला सुई टोचल्यासारखी कळ. दिवाळीपर्यंत ती निघून जायची. मला वाटायचे, सुटले एकदाचे. पुढच्या श्रावणात तीच कळ, त्याच जागी, आणि दर वर्षी थोडी लवकर.

गोव्यात साखळीजवळच्या आमच्या वाड्यावर फुगडीच्या गटात आम्ही सोळा जणी आहोत. २०२४ ची चवथ झाल्यावर सहज विचारले, तर आणखी चार जणींचा गुडघा त्याच जागी दुखत होता. प्रत्येकीने वेगळे काही करून पाहिले होते. कोणी तेल, कोणी पट्टा, एकीने तर फुगडीच सोडली होती. ते ऐकून मला फार वाईट वाटले, कारण तिच्यासारखी घूम कोणाला घेता येत नाही. हे लिहिते आहे ते तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. इथे जे सांगते ते एका सरकारी इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला समजावले, मग मी त्यावर वाचले आणि दीड वर्ष स्वतःच्या गुडघ्यावर करून पाहिले.

आधी हेच दुखणे आहे ना, ते बघा

मांडीच्या पुढचा मोठा स्नायू वरून गुडघ्याच्या वाटीला धरतो. वाटीच्या खालच्या टोकातून एक जाड, चपटी दोरी निघते आणि नडगीच्या वरच्या उंचवट्यावर रुजते. हीच ती कंडरा, डॉक्टर तिला पटेलर टेंडन म्हणतात. उडी मारून खाली येतो, उकिडवे बसून उठतो, पायऱ्या उतरतो, तेव्हा अंगाचा भार ही दोरी झेलते आणि स्प्रिंगसारखा परत फेकते.

पाय लांब करून खाली बसा, मांडी सैल सोडा आणि वाटीच्या खालच्या टोकावर अंगठा दाबा. नेमके तिथेच, एका बोटाखाली मावेल एवढ्या जागेत दुखले, तर संशय घ्यायला जागा आहे. पण दाबून दुखणे हा पुरावा पुरेसा नाही, धडधाकट गुडघाही तिथे दाबला तर थोडा दुखतो. खरी खूण भारात असते. चालताना जवळजवळ काही नाही, जिना उतरताना थोडे, एका पायावर बसताना जास्त, उडीत सगळ्यात जास्त, अशी कळ भाराबरोबर पायरीपायरीने चढत गेली पाहिजे. दुसरी खूण फसवी आहे. सरावाच्या सुरुवातीला दुखते, अंग तापले की थांबते, आपण जोरात खेळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पायरी उतरताना जीव जातो. बसमध्ये किंवा नाटकाला गुडघा मुडपून फार वेळ बसले की आत ठणका लागतो, तोही यातलाच.

दुखणे वाटीच्या भोवती कुठेतरी असेल आणि बोट ठेवून जागा दाखवता येत नसेल, तर ते बहुधा वाटीच्या मागच्या बाजूचे दुखणे. गुडघा मध्येच अडकत असेल किंवा पाय मुरगळल्यावर सांध्याच्या आतल्या रेषेवर दुखत असेल, तर आतल्या गादीचा विचार करावा लागतो. पन्नाशीनंतर सकाळी आखडणे, सूज आणि करकर असेल, तर झीज. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना नडगीवरच्या उंचवट्यावरच दुखते आणि तिथे गाठ आल्यासारखी दिसते. ते वाढत्या हाडाचे दुखणे आहे, ऑसगूड-श्लॅटर नावाचे. त्या मुलांवर खालचे वजनाचे व्यायाम तसेच्या तसे लादू नका. ताप येऊन दोन्ही गुडघे, घोटे, मनगटे एकदम धरली, तर पावसाळ्यात चिकुनगुन्याची शंका घ्या आणि रक्त तपासा.

आणि काही वेळा घरी काहीच करत बसायचे नाही. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला, वर ताप. खाडकन आवाज होऊन पाय सरळ उचलता येईनासा झाला. त्या पायावर उभेच राहता येत नाही. पोटरी सुजून घट्ट झाली. झोपेतही दुखते आणि बसल्या जागी वाढते. यातले एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चवथ आहे म्हणून थांबू नका.

पुन्हा पुन्हा का येते

आपण याला टेंडिनायटिस म्हणतो. या नावात दाह आहे, म्हणून दाह शमवणारी गोळी, बर्फ आणि विश्रांती ही त्रिसूत्री ठरून गेली. पण जुन्या दुखण्यातली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिथे नेहमीचा दाह फारसा सापडत नाही. सापडतात ते विस्कटलेले तंतू. चांगल्या कंडरेत कोलॅजनचे तंतू काथ्याच्या दोरीतल्या पिळासारखे एका दिशेने घट्ट बसलेले असतात. दुखऱ्या कंडरेत त्यांची ती शिस्त मोडलेली असते. म्हणून आता टेंडिनोपॅथी हा शब्द जास्त वापरतात. उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या या दुखण्याला १९७३ पासून 'जंपर्स नी' म्हणतात. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के जणांना ते होते. फुगडी घालणाऱ्या बायकांची अशी पाहणी माझ्या वाचनात नाही, पण कोंबडा घालणारी बाई गुडघ्यावर काय करते ते मी मोजले आहे.

कोंबड्यात उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या घ्यायच्या. आमच्या एका फेरीत अशा साधारण ४० उड्या होतात. एका संध्याकाळी सहा फेऱ्या धरल्या तर २४०. आठवड्यात पाच संध्याकाळी सराव, म्हणजे १,२००. जुलैत यातली एकही उडी नसते. दसऱ्यापासून आषाढापर्यंत मी शाळेत फळ्यासमोर उभी असते, घरी स्वयंपाक करते, स्कूटरवरून फिरते. कंडरेला या दहा महिन्यांत कळलेलेच नसते की उडी म्हणजे काय. आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात तिच्यावर हजाराच्या वर उड्या येऊन पडतात.

दुखण्याचे कारण या उडीपेक्षा त्या अचानकपणात आहे. कंडरा भाराला सरावते, पण फार सावकाश. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरेला महिने लागतात. आणि तिला विश्रांती दिली की ती काही अधिक बळकट होत नाही, उलट असलेली ताकदही उतरते. कळ मात्र जाते. म्हणून आपल्याला वाटते बरे झाले, आणि पुढच्या वर्षी अधिकच कमजोर कंडरा घेऊन आपण रिंगणात उतरतो. माझी कळ दर वर्षी लवकर यायची ती यामुळे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, चवथ १९ सप्टेंबरपर्यंत लांबली, आणि आमचा चार आठवड्यांचा सराव सात आठवडे चालला. त्या वर्षी मला चवथीच्या दिवशी आरतीला उभे राहणेही जड गेले.

दुसरे कारण रोजचा सराव. जोराचा भार पडल्यावर पहिला दिवसभर कंडरेत तुटणे जास्त आणि बांधणे कमी असते. बांधणी वर येते ती त्यानंतर. रोज संध्याकाळी उड्या मारल्या तर बांधणीला वेळच मिळत नाही.

आणि तिसरे आपण हिशेबातच धरत नाही: चवथीचे घरकाम. पाटावर बसून नेवऱ्या (करंज्या), तास-तास विळीवर खोबरे, उकिडवे बसून अंगण सारवणे, माटोळी (गणपतीवरचे फळापानांचे छत) बांधायला स्टुलावर दहादा चढ-उतार. गुडघा पूर्ण मुडपून बसले की वाटीखालची कंडरा ताणलेल्या स्थितीत हाडावर दाबली जाते. ज्या आठवड्यात सराव सगळ्यात जास्त, त्याच आठवड्यात हे सगळे. सासूबाईंना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी त्याच दिवशी नेवऱ्यांचे सामान टेबलावर मांडले. घरातल्यांना कारण कळले की ती मदत करतात, आपणच सांगत नाही.

२०२३ मध्ये मी आणखी एक चूक केली. स्पर्धेच्या तोंडावर एका दवाखान्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले. तीन दिवसांत कळ गायब झाली. मी स्पर्धा पूर्ण जोरात खेळले. डिसेंबरात गुडघा आधीपेक्षा वाईट होता. मला पुढे काय होऊ शकते ते कोणी सांगितले नाही याचे वाईट वाटते. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमके हेच दिसले होते: इंजेक्शनवाल्यांना बारा आठवड्यांनी छान वाटत होते, सहा महिन्यांनी त्यांचे दुखणे परतले होते, आणि वजन घेऊन सावकाश व्यायाम करणारे तेव्हाही चांगले होते. शिवाय असे इंजेक्शन कंडरेतच गेले तर ती कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. वाटीखालच्या कंडरेत स्टेरॉइड घ्यायला कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

कळ ताजी असताना: पहिले दोन आठवडे

उड्या थांबवायच्या, बाकीचे चालणे-फिरणे चालू ठेवायचे. पूर्ण पलंग धरायचा नाही. गटात असाल तर उभ्याने गायला राहा, टाळ्यांचा ताल धरा, फक्त कोंबडा आणि बसफुगडी बंद.

या काळातला माझा सगळ्यात मोठा आधार म्हणजे भिंत. भिंतीला पाठ टेकवा, पावले भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवा आणि घसरत खाली या. पूर्ण खुर्चीइतके खाली येऊ नका, त्याच्या वरच थांबा. तिथे ४५ सेकंद स्थिर राहायचे. मग दोन मिनिटे विसावा. असे पाच वेळा, दिवसातून दोनदा. हलायचे नाही, फक्त धरून ठेवायचे. आयसोमेट्रिक म्हणतात ते हेच. मी घड्याळ बघत नाही. बारापासून पंधरापर्यंतचे पाढे स्पष्ट आणि सावकाश म्हणते, ४५ सेकंद होतात. दोन पायांवर सोपे वाटू लागले की खिडकीचा गज धरून चांगल्या पायाचे पाऊल जमिनीपासून जरा उचला, म्हणजे भार दुखऱ्या पायावर येतो. मांडी थरथरली पाहिजे. थरथरली नाही तर भार कमी पडतो आहे.

पुष्कळांना यानंतर तास-अर्धा तास कळ बरीच उतरलेली जाणवते. मला उतरायची. आमच्या गटातल्या एकीला काहीच फरक पडला नाही, पण ताकदीचे पुढचे व्यायाम तिलाही लागू पडले. तेव्हा भिंतीने कळ उतरली नाही म्हणून सोडून देऊ नका.

खरे काम: बारा आठवडे वजन

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. सोम-बुध-शुक्र मला सोयीचे पडतात. जिमची गरज नाही. मुलाचे जुने दप्तर घेतले आणि त्यात पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या भरल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटा लागत नाही. चार बाटल्यांपासून सुरुवात केली, शेवटी दप्तरात दहा किलो उकड्या तांदळाची पिशवी आणि वर चार बाटल्या होत्या.

पहिला व्यायाम खुर्चीचा. दप्तर छातीशी धरून खुर्चीसमोर उभे राहा, मनात तीन मोजत खाली या, खुर्चीला नुसता स्पर्श करा, तीन मोजत उठा. दुसरा पायरीचा. आमच्या घरासमोर चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. दुखरा पाय वरच्या पायरीवर ठेवून दुसरे पाऊल तीन मोजत खालच्या पायरीकडे न्यायचे, टेकवायचे नाही, तीन मोजत परत वर. गुडघा आत कलू द्यायचा नाही, पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. भिंतीला एक हात असू द्या. पोटरीसाठी तिसरा: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच वर-खाली. उडीवरून उतरताना पोटरी भार घेते, ती दुबळी असली की सगळे गुडघ्यावर येते.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे चार संच, एका संचात पंधरा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्यात बारा, चौथ्या-पाचव्यात दहा, सहा ते आठमध्ये आठ, आणि शेवटच्या चार आठवड्यांत सहा. आकडा कमी होतो तसे वजन वाढवायचे, एवढे की संचातले शेवटचे दोन खरोखर जड जावेत. सगळ्यात जास्त चूक इथे होते. वजन न वाढवता पंधराचे वीस, विसाचे तीस केले जातात. त्याने घाम येतो, कंडरा घडत नाही. दोन पायांवर दप्तर हलके वाटू लागले तर एका पायावर जा.

तुम्ही कदाचित उताराच्या फळीबद्दल ऐकले असेल. त्या फळीवर एका पायाने कळ सोसत खाली बसायची पद्धत बरीच वर्षे चालली. नेदरलँड्समध्ये ७६ जणांवर २४ आठवडे चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पायरीपायरीने भार वाढवणाऱ्यांना त्या कळ सोसणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. मी फळी ठेवली आहे, पण रोजची चाचणी घ्यायला. सुताराकडून फणसाची ४० सेंटिमीटर लांब फळी घेतली, एका टोकाखाली १७ सेंटिमीटरचा ठोकळा ठोकला, म्हणजे उतार २५ अंशांचा होतो. पाय घसरू नये म्हणून वर गोणपाट मारले. चवडे उताराच्या खालच्या बाजूला, टाच वर, दुखऱ्या पायावर एकदाच अर्धे खाली बसायचे आणि कळीला दहापैकी गुण द्यायचे.

कळ किती चालेल

व्यायामात थोडे दुखले म्हणजे बिघडले, ही भीती सगळ्यांना असते. मलाही होती, आणि तिच्यामुळे माझे दोन महिने वाया गेले. नियम असा आहे: दहापैकी तीनपर्यंत कळ चालते. पण निकाल व्यायामाच्या वेळी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सकाळी तोंड धुतल्यावर फळीवर एकदा बसून पाहायचे. कालच्याइतकी किंवा कमी असेल तर पुढे चला. दोन गुणांनी वाढली असेल तर कालचा भार जास्त झाला. व्यायाम बंद करू नका, पुढच्या वेळी दोन बाटल्या काढा.

मी एक शंभर पानी वही केली आहे. तारीख, दप्तरातले किलो, सकाळचा गुण आणि शेजारी त्या दिवशी वेगळे काय झाले ते एका ओळीत. त्या वहीमुळे कळले की माझे वाईट दिवस व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी कमी आणि शाळेतल्या सफाईच्या दुसऱ्या दिवशी जास्त येतात. त्या दिवशी मी मुलांबरोबर उकिडवी बसून अंगणातले तण काढते. आता लहान स्टूल घेऊन बसते.

अडले तर

सहा आठवडे झाले आणि सकाळचा गुण हललाच नाही, तर आधी वजन बघा. बहुतेक वेळा ते चार-पाच किलोवरच अडकलेले असते. वजन पुरेसे असेल तर दिवसाचे बाकीचे तास बघा: जिन्याच्या शाळेत बदली, नवीन बैठी कामे, रोजचा डोंगरावरचा फेरफटका. आणि तरीही हलत नसेल तर निदानच चुकले असण्याची शक्यता आहे. मग फिजिओथेरपिस्टकडे किंवा अस्थिरोग विभागात दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, दोन्ही आहेत. तिथे जाताना वही बरोबर न्या, डॉक्टरांचे काम सोपे होते.

बरे वाटले आणि व्यायाम सोडला, मग परत आले, असे असेल तर ते माझ्याही बाबतीत घडले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात केली, जानेवारीत गुडघा एकदम मोकळा वाटला आणि मी दप्तर माळ्यावर टाकले. एप्रिलमध्ये घरच्यांबरोबर पारोड्याला चंद्रनाथाच्या डोंगरावर गेले. चढताना काही नाही. उतरताना अर्ध्या पायऱ्यांवर कळ सुरू झाली आणि आठवडाभर राहिली. तेव्हापासून दुखत नसले तरी आठवड्यातून एक-दोन दिवस दप्तर उचलतेच.

दोन्ही गुडघ्यांना एकदम, आणि काही खास न करता हे दुखणे आले असेल तर शरीराच्या आत डोकवा. मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल कंडरांना खराब करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात होते, २६.४ टक्के. तेव्हा साखर तपासून घेण्यात काही गमावत नाही. आणि अलीकडे जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांतले काही घेतले होते का, ते आठवा. या गटातली प्रतिजैविके कंडरेला इजा करू शकतात, ती तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. आपल्याकडे उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात आणि शेजारणीला दिल्या जातात. कृपा करून देऊ नका. डॉक्टरांनीच लिहून दिले असेल आणि टाच किंवा गुडघा दुखू लागला, तर व्यायाम थांबवा आणि लगेच त्यांना कळवा.

तेल, शेक, पट्टा, गोळी

बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावला तर कळ मंदावते. निरगुडीचा पाला गरम करून शेकला की माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला बरे वाटते, मलाही मांडीला बरे वाटते. दोन्ही आरामासाठी आहेत, कंडरा त्याने घडत नाही. तेल लावायचे तर मांडीच्या स्नायूला चोळा. दुखऱ्या बिंदूवर अंगठ्याने रगडू नका, तिथे आधीच दाब नको झालेला असतो. मांडीचे जोरदार ताण देणारे व्यायाम, टाच पाठीमागे कुल्ल्याला लावायचा तो, कळ ताजी असताना टाळा. त्यातही कंडरा हाडावर दाबली जाते.

वाटीखाली बांधायचा अरुंद पट्टा काहींना खेळताना उपयोगी पडतो. बांधून फळीवर बसून बघा, गुण उतरला तर वापरा, नाहीतर पैसे वाचवा. वेदनाशामक जेल चार-पाच दिवस चालते. पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि गोळी घेऊन सराव तर मुळीच करू नये, कारण त्या दिवशी वहीतला गुण खोटा येतो.

उड्यांकडे परत

एका पायावर दप्तर घेऊन पायरीचा व्यायाम तीन गुणांच्या आत जमू लागला की उड्या सुरू. पहिल्या दिवशी दोन्ही पायांवर २० छोट्या उड्या, बस. मग दोन दिवस उड्यांना सुट्टी. सकाळचे गुण चांगले असतील तर ३०, मग ४०, मग अर्धी फेरी कोंबडा. उड्या नेहमी तिसऱ्या दिवशी, मधल्या एका दिवशी वजन. उतरताना आवाज होऊ देऊ नका. धप्प असा आवाज येतो तेव्हा गुडघा ताठ असतो, चवड्यावर अलगद उतरून गुडघा आणि कंबर दोन्ही मुडपले की भार वाटला जातो. देवळाच्या सभामंडपातली फरशी फार कडक. आम्ही आता उड्यांचा सराव अंगणातल्या मातीवर करतो आणि मंडपात फक्त शेवटचे चार दिवस.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात वजन सुरू केले होते. त्या चवथीला माझा गुण दोनच्या वर गेला नाही, आणि फुगडी सोडलेली ती आमची मैत्रीण शेवटच्या रात्री रिंगणात उतरली.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. बारा आठवडे मागे मोजले तर २२ जून, तोही सोमवार. त्या संध्याकाळी साडेसहाला आमच्या अंगणात सोळा दप्तरे लागणार आहेत. तेरा जमली आहेत. कोणाकडे मुलांची जुनी, मजबूत पट्ट्यांची दप्तरे असतील तर पाठवा, बाटल्या आमच्याकडे आहेत.